पंच नसलेली शर्यत



म्हैसूरकरांना विश्वेश्वरय्या कोण हे सांगायला नको. इथून वीसेक किलोमीटरवर त्यांचं कृष्णराजसागर आहे. त्या धरणाला त्यांनी आपोआप उघडणारे दरवाजे बसवले. पण तसे दरवाजे त्यांनी पहिल्यांदा बसवले ते १९०३ मध्ये, पुण्याजवळच्या खडकवासल्याला. त्यामुळे निवृत्तीनंतर इथे राहायला आलो तेव्हा धरणाचं पाणी मला परकं वाटलं नाही. माझी आजची गोष्ट त्या खडकवासल्याच्या पाण्यावरची आहे.

खडकवासल्याच्या काठाला राष्ट्रीय संरक्षण प्रबोधिनी आहे, आपली एनडीए. तिथल्या पीकॉक बे नावाच्या खाडीसारख्या भागात कॅडेट शिडाच्या बोटी चालवायला शिकतात. १९९८ साली मी तिथे मेजर होतो. शिकवायचो आणि सुट्टीच्या दिवशी शर्यतीही खेळायचो.

आमची बोट एंटरप्राइज. १९५६ मध्ये इंग्लंडमध्ये जॅक होल्ट यांनी काढलेलं डिझाइन. लांबी चार मीटर, मूळ बांधणी प्लायवूडची, शिडं फिकट निळी, माणसं दोन. मागचा सुकाणू आणि मोठं शीड धरतो, पुढचा जिब म्हणजे पुढचं लहान शीड सांभाळतो.

अशा बोटींच्या वर्गाला वन-डिझाइन म्हणतात. सगळ्या बोटी एकाच मापाच्या, शिडं एकाच मापाची. आधी असं नव्हतं. ज्याच्याकडे पैसा, तो दरवर्षी नवी, अधिक वेगवान बोट बांधायचा आणि जिंकायचा. १८८७ मध्ये डब्लिनच्या मंडळींनी वॉटर वॅग नावाच्या बोटी एकाच नमुन्याच्या करून घेतल्या, म्हणजे जिंकायचं ते चालवणाऱ्याच्या अकलेवर. त्या वर्गाच्या शर्यती आजही होतात.

बोटी सारख्या झाल्या की हरल्यावर सांगायला सबब उरत नाही. वारा सगळ्यांना तोच. खडकवासल्याला तर तो डोंगरावरून उतरताना क्षणोक्षणी दिशा बदलतो. समोरून वारा असेल तर बोट सरळ जातच नाही, नागमोडी वर चढावं लागतं. कधी वळायचं हे ज्याला कळलं तो पुढे.

आणि या खेळात पंच जवळ नसतो. समितीची मंडळी सुरुवातीच्या रेषेजवळ असतात, बोया दूर असतो. बोयाला बोट लागली तर नियम असा की बाजूला व्हायचं, एक पूर्ण गिरकी घ्यायची आणि मग पुढे जायचं. दहा-पंधरा सेकंद जातात. पण ही शिक्षा ज्याची त्याने स्वतःलाच द्यायची असते.

माझ्या बोटीत पुढे बसायचे एक हवालदार. सिंधुदुर्गातले. लहानपण वडिलांच्या मासेमारीच्या होडीत गेलेलं. पाण्यावरची सुरकुती बघून वारा कधी येणार ते सांगायचे. कॅडेटना बोट शिकवायचं निम्मं काम त्यांचंच.

त्या दिवशी आम्ही तिसरे होतो. वरच्या बोयाला मी लवकर वळलो, बोया सुटेल की नाही अशी वेळ आली. सुकाणू दाबलं. बोट वळली, पण बाजू बोयाला हलकीच घासली. हवालदार मागे न बघता म्हणाले, "लागला हां, साहेब."

मी म्हणालो, "जिब बघा."

त्यांनी जिब बघितलं. परतीच्या वाटेवर आम्ही एका बोटीला मागे टाकलं आणि जेमतेम एका बोटीच्या लांबीने दुसरे आलो. तिसरी बोट दोन कॅडेटची होती. कोणी तक्रार केली नाही. कोणी पाहिलंच नव्हतं.

संध्याकाळी बक्षीस घ्यायला हवालदार आले नाहीत. दुसऱ्या दिवशी मी बोटींच्या शेडमध्ये गेलो. ते दोऱ्या गुंडाळत होते. विचारलं, काल का आला नाहीत?

ते थोडा वेळ काही बोलले नाहीत. मग म्हणाले, "साहेब, बोया लागला की गिरकी मारा, असं त्या पोरांना मीच शिकवतो. आता कसं सांगू?"

मी बोयाला फसवलं नव्हतं. माझ्या हाताखालच्या माणसाला मी हुद्द्याच्या जोरावर गप्प केलं होतं, आणि त्याने पाळलेला नियम त्याच्याच बोटीत मोडला होता.

त्याच दिवशी समितीला लिहून दिलं की मी शर्यतीतून माघार घेतो, कारण बोयाला लागलो होतो. कप परत केला. दुसरा क्रमांक त्या दोन कॅडेटना गेला. पुढच्या रविवारी सगळ्यांसमोर कारणही सांगितलं. बरं वाटलं असं म्हणणार नाही, कान गरम झाले होते.

त्यानंतर आमच्या बोटीत एक नियम केला. ज्याला आधी दिसेल त्याने फक्त "गिरकी" म्हणायचं. सुकाणूवाल्याने वाद न घालता वळायचं. लागला की नाही, ही चर्चा काठावर. पुढच्या दीड वर्षात हवालदारांनी मला चार वेळा गिरकी घ्यायला लावली. त्यातल्या एका वेळी तरी बोया लागला नव्हता, असं मला अजूनही वाटतं. तरी वळलो.

तुमच्यापैकी अनेक जण कुठे ना कुठे सुकाणू धरून बसलेले असाल. ऑफिसात, कारखान्यात, घरात. तुमच्या पुढे बसलेल्या माणसाला चूक तुमच्या आधी दिसते, कारण तो बोयाच्या जवळ असतो. तो शेवटचं कधी "लागला" म्हणाला होता, ते आठवून बघा. बरेच दिवसांत म्हणाला नसेल, तर तुमचं काही चुकतच नाही असं समजू नका. तुम्ही त्याला कधीतरी "जिब बघा" म्हणाला असाल.

जय हिंद.