धावपट्टीखालची जमीन

(बदलापूर येथे स्थानिक इतिहासाच्या अभ्यासकांपुढे झालेल्या भाषणाचा मजकूर)



ठाणे जिल्ह्यात गावोगावी इतिहासप्रेमींची लहान लहान मंडळे काम करू लागली आहेत. रविवारी सुट्टीच्या दिवशी नोकरदार, शिक्षक, विद्यार्थी एकत्र जमतात, वीरगळ पाहतात, बुजलेल्या विहिरी शोधतात, जुन्या वाटा पायाखाली घालतात. इतिहास म्हणजे राजांच्या वंशावळी ही समजूत यामुळे ढिली होत आहे, म्हणून हा उद्योग स्वागतार्ह आहे. या मंडळींपैकी काहींना आता मोटारींच्या, शर्यतींच्या आणि विमानांच्या जुन्या रस्त्यांचे वेड लागले आहे. हे वेड निरुपद्रवी दिसते; पण त्या रस्त्यांचा माग नीट काढला तर तो थेट जमिनीच्या प्रश्नापाशी येऊन थांबतो.

हा टापू वेगाशी जुने नाते सांगणारा आहे. शिवकाळात येथे घोडे बदलले जात, म्हणून हे बदलापूर, अशी लोकांची आख्यायिका आहे. १८५४ मध्ये आगगाडी कल्याणला आली आणि १८५६ मध्ये अंबरनाथ-बदलापूरवरून घाटाच्या पायथ्याकडे गेली. पुढे मोटारी आल्या. १९०४ च्या अखेरीस 'मोटर युनियन ऑफ वेस्टर्न इंडिया' या संस्थेने दिल्ली ते मुंबई अशी मोटारींची चाचणी योजली. नव्या यंत्राची कसोटी पाहणारी, सुमारे नऊशे मैलांची ती धाव आग्रा रस्त्याने सह्याद्री उतरून मुंबईस आली. १९०८ मध्ये मुंबई-कोल्हापूर अशी दुसरी चाचणी झाली. संस्थानिक, गोरे अधिकारी आणि धनिक व्यापारी यांचा हा खेळ होता. ज्या रस्त्यांवर तो खेळला गेला, ते रस्ते खडी फोडणाऱ्या मजुरांनी बांधले होते. मोटारींची आणि त्यांच्या मालकांची नावे नोंदली गेली. खडी फोडणाऱ्यांची कोणी नोंदली नाहीत.

मोटारशर्यतींसाठी खास बांधलेला जगातला पहिला मोठा मार्ग इंग्लंडातील ब्रुकलँड्सचा. ह्यू लॉक किंग या जमीनदाराने तो १९०७ मध्ये स्वतःच्या इस्टेटीवर, स्वतःच्या पैशाने बांधला. पावणेतीन मैलांचे ते काँक्रीटचे उतरते वर्तुळ दुसऱ्या महायुद्धात विमानांच्या कारखान्यासाठी ठिकठिकाणी फोडण्यात आले आणि तिथली शर्यत कायमची थांबली. पुढे १९६७ मध्ये इतिहासप्रेमी नागरिकांनी संस्था काढून उरलेला भाग वाचवला. आज तेथे संग्रहालय आहे. युद्धानंतर याच्या उलट प्रकारही घडला. सिल्व्हरस्टोन हा बाँबफेकी विमानांचा तळ होता. १९४८ मध्ये त्याच्या ओस धावपट्ट्यांवर आणि कडेच्या रस्त्यांवर मोटारी धावू लागल्या. आपल्याकडे मद्रासजवळच्या शोलावरम येथील युद्धकालीन धावपट्टीवर अनेक वर्षे शर्यती झाल्या. मुंबईत जुहूच्या विमानतळावरही झाल्या. तात्पर्य, लढाईसाठी घेतलेली सपाट जमीन लढाई संपताच करमणुकीच्या कामी आली. ती जमीन जिच्यातून आली, त्या शेतीकडे मात्र ती सहसा परत गेली नाही.

आता उल्हासनगर, अंबरनाथ आणि बदलापूर यांच्या सीमेवर पाहावे. मलंगगडाच्या पायथ्याकडे जाणाऱ्या वाटेवर नेवाळी आहे आणि तेथे दुसऱ्या महायुद्धातील धावपट्टी आहे. १९४२-४३ च्या सुमारास ब्रिटिश सरकारने नेवाळी व आसपासच्या गावांची दीड हजार एकरांहून अधिक जमीन तिच्यासाठी ताब्यात घेतली. जपानी सैन्य ब्रह्मदेशात पोहोचले होते आणि मुंबई बंदराच्या मागे विमानांना, सैनिकांना, सामानाला जागा हवी होती. भातखाचरे, वरकस, गुरचरण यांवरून सरळ रेषा ओढण्यात आली. युद्ध संपल्यावर जमीन परत मिळेल, असे आपल्या वाडवडिलांना सांगण्यात आले होते, असे येथील शेतकरी सांगत आले आहेत. जमीन रीतसर संपादित झालेली आहे, अशी सरकारची भूमिका आहे. स्वातंत्र्यानंतर साम्राज्य गेले, पण ताबा संरक्षण खात्याकडे राहिला.

येथे दोन गोष्टी शेजारी शेजारी ठेवून पाहण्याजोग्या आहेत. ज्या हंगामात ही धावपट्टी आखली जात होती, त्याच हंगामात येथून जवळच भाई कोतवालांचा आझाद दस्ता मुंबईला जाणाऱ्या विजेचे मनोरे पाडत होता. २ जानेवारी १९४३ रोजी सिद्धगडावर भाई कोतवाल आणि हिराजी पाटील हुतात्मे झाले. दरवर्षी तेथे लोक जमतात, ते योग्यच आहे. परंतु ज्या शेतकऱ्यांच्या पोरांनी त्या लढ्याला भाकरी पुरवली, त्यांच्याच भाऊबंदांची जमीन त्याच युद्धाच्या नावाने गेली, ही जोडणी अभिवादनाच्या भाषणांत क्वचितच केली जाते. हुतात्म्यांना वंदन करायचे आणि ते ज्या कुळांसाठी, आदिवासींसाठी झटले त्यांचा हिशेब मात्र उघडायचा नाही, ही स्वतंत्र भारतातील सोयीची रीत झाली आहे.

दुसरी गोष्ट कूळकायद्याची. जिथे जमिनीची मालकी सावकाराची किंवा जमीनदाराची होती आणि कसणारा कूळ होता, तिथे १९४२ साली कसणाऱ्याचा हक्क कागदावर अगदी लंगडा होता. मुंबई राज्याचा कूळकायदा १९४८ चा; 'कसेल त्याची जमीन' हे तत्त्व प्रत्यक्षात आले ते १ एप्रिल १९५७ रोजी. जी जमीन त्याआधीच सरकारच्या ताब्यात गेली होती, तिथल्या कुळाला मालक होण्याची वाटच उरली नाही. शेजारच्या शिवारातला कूळ कायद्याने मालक झाला आणि धावपट्टीच्या रेषेत सापडलेला कूळ जन्मभर मजूर राहिला. अन्यायाचा हा प्रकार नुकसानभरपाईच्या आकड्यात दिसत नाही, कारण भरपाई मालकाला मिळते आणि कूळ मालक नव्हता.

त्याच युद्धासाठी कल्याणजवळ लष्करी छावणी उभी राहिली होती. फाळणीनंतर सिंधमधून घरदार सोडून आलेल्या सुमारे लाखभर निर्वासितांना तिच्या बराकींत आसरा देण्यात आला आणि ८ ऑगस्ट १९४९ रोजी तिचे नाव उल्हासनगर झाले. छावणीचे पाच विभाग आजही 'कॅम्प नंबर एक' ते 'कॅम्प नंबर पाच' या नावांनीच ओळखले जातात. त्या निर्वासितांनी पापड लाटून, कापड विकून, लहान कारखाने काढून शहर वसवले. लष्करासाठी घेतलेली जागा माणसांच्या गरजेसाठी देता येते, याचा हा ढळढळीत पुरावा आहे. तेव्हा नेवाळीच्या शेतकऱ्याने सिंधी दुकानदाराकडे वैरभावाने पाहण्याचे कारण नाही. एकाच साम्राज्याने एकाचे शेत घेतले आणि जाताना दुसऱ्याचा देश तोडला. दोघांना परस्परांविरुद्ध उभे करणारे राजकारण येथे अधूनमधून होते; डोळस इतिहास त्यावर चांगला उतारा आहे.

नेवाळीचा प्रश्न २२ जून २०१७ रोजी भडकला. नौदलाकडून जमिनीला कुंपण घालण्याचे काम सुरू होते. शेतकरी रस्त्यावर आले, रस्ते अडवले गेले, पोलिसांच्या गाड्या जळाल्या, शेतकरी आणि पोलीस दोघेही जखमी झाले. हिंसा समर्थनीय नाही. समाजवादी चळवळीची भूमिका या बाबतीत मुळशी सत्याग्रहापासून स्पष्ट आहे: जमिनीची लढाई निःशस्त्र आणि संघटित असावी. पण पाऊणशे वर्षे अर्ज, निवेदने, खेटे यांचा निकाल लागत नाही, तेव्हा शांततेचा उपदेश फक्त शेतकऱ्यालाच करणे हे न्यायाचे लक्षण नव्हे. जानेवारी १९८४ मध्ये दि. बा. पाटील यांच्या नेतृत्वाखाली उरण परिसरातील शेतकरी उभे राहिले, गोळीबारात पाच जण बळी गेले, तेव्हा कोठे साडेबारा टक्के विकसित जमिनीचे तत्त्व मान्य झाले. त्याच कोकणपट्टीतील, त्याच आगरी-कुणबी समाजातील नेवाळीच्या शेतकऱ्याला एवढाही न्याय का मिळू नये?

शर्यतीचा आणि जमिनीचा संबंध जुना झाला, असेही मानू नये. ऑक्टोबर २०११ मध्ये दिल्लीजवळ ग्रेटर नोएडा येथे फॉर्म्युला वनची पहिली भारतीय शर्यत झाली. त्याच वर्षी मे महिन्यात त्याच भागातील भट्टा-पारसौल येथे द्रुतगती मार्गाच्या भूसंपादनावरून शेतकरी आणि पोलीस यांच्यात रक्त सांडले होते. ती शर्यत तीन वर्षे झाली आणि थांबली. शर्यत गेली, शेत मात्र परत आले नाही.

याउलट या मातीला स्वतःची शर्यत ठाऊक आहे. भात कापून झाल्यावर मोकळ्या शिवारात बैलगाडे धावत. २०१४ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने तिच्यावर बंदी घातली, डिसेंबर २०२१ मध्ये अटींवर परवानगी दिली आणि मे २०२३ मध्ये घटनापीठाने राज्याचा कायदा वैध ठरवला. जनावरांच्या छळाबद्दलचा आक्षेप गंभीर आहे. पैशाचा आणि गुंडगिरीचा शिरकाव त्याहून कमी गंभीर नाही. पण एक भेद ध्यानात घेण्यासारखा आहे: त्या शर्यतीसाठी कोणाचे शेत घ्यावे लागत नव्हते. शर्यत संपली की पावसाळ्यात तेथे पुन्हा आवणी होत असे.

म्हणून इतिहासप्रेमी मंडळांपुढे काही कामे ठेवावीशी वाटतात. अंबरनाथच्या शिवमंदिरातील शके ९८२ चा शिलालेख वाचला गेला, त्याने शिलाहारांचा काळ उजळला. तितक्याच आस्थेने आता तलाठ्याच्या दप्तरातील जुने फेरफार वाचले गेले पाहिजेत. १९४० नंतरच्या सातबाऱ्यावर कोणाची नावे होती, कसणारा कोण होता, भरपाई कोणाच्या हाती पडली, हे गाववार लिहून काढावे. माहितीच्या अधिकाराचा कायदा २००५ पासून हाताशी आहे. संपादनाचे मूळ आदेश त्याखाली मागावेत. धावपट्टीचा नकाशा काढताना तिच्याखाली गेलेल्या बांधांची, पाणवठ्यांची, देवस्थानांची आणि पायवाटांची नावेही त्यावर लिहावीत. ही नावे ज्यांना आठवतात, ती माणसे तेव्हा मुले होती. आज त्यांनी ऐंशी ओलांडली आहे. शिलालेख आणखी हजार वर्षे थांबेल, ही माणसे थांबणार नाहीत.

पक्षाच्या कार्यकर्त्यांनीही हे काम केवळ हौसेचे समजून दूर राहू नये. न्यायालयात, विधिमंडळात आणि मोर्चात शेवटी पुरावाच उपयोगी पडतो, आणि पुरावा गोळा करण्याची चिकाटी या हौशी मंडळींपाशी आहे. त्यांच्यापाशी वही आहे, कार्यकर्त्यांपाशी गावोगावचा संबंध आहे. दोघांनी मिळून एक पावसाळा जरी नेवाळी परिसरात घालवला, तरी पाऊणशे वर्षांत सरकारने जी यादी मांडली नाही ती तयार होईल. ती यादी घेऊन जेव्हा शेतकरी सरकारच्या दारी जाईल, तेव्हा त्याला दया मागावी लागणार नाही. तो हिशेब मागेल.