रेव्हरंड जस्टिन ॲबट आणि जुनीं मराठी हस्तलिखितें

लातूरहून फारशा दूर नसलेल्या आंबेजोगाईस दासोपंतांची पासोडी आहे. लांबलचक कापडावर पंचीकरणासारखा रूक्ष विषय दासोपंतांनीं ओव्या आणि आकृत्या यांच्या साह्यानें मांडला. त्यांना लेखनासाठीं रोज एका ढबूची शाई लागे, असें सांगतात. सव्वा लक्ष ओव्यांचा ‘गीतार्णव’ पाहिला म्हणजे ही गोष्ट अतिशयोक्तीची वाटत नाहीं. बेदरच्या दरबारांत सारा थकल्यामुळें ओलीस राहिलेला हा मुलगा पुढें घर सोडून नांदेडकडील माहूरास गेला व तेथें त्यानें बारा वर्षें तप केलें, अशी चरित्रपरंपरा आहे.

दासोपंतांचें ओवीबद्ध चरित्र इ. स. १९२८ मध्यें इंग्रजींत आणणारे जस्टिन एडवर्ड्स ॲबट हे अमेरिकन मराठी मिशनचे धर्मोपदेशक होते. मुंबईंत अनेक वर्षें धर्मप्रचार करून हे गृहस्थ स्वदेशीं परतले, आणि विश्रांतीच्या वयांत त्यांनीं भानुदास, एकनाथ, बहिणाबाई, तुकाराम व रामदास यांचीं चरित्रें एकामागून एक भाषांतरित केलीं. पहिलें पुस्तक १९२६ चें. १९३२ मध्यें ते वारले, तरी माला पुढें चालूच राहिली. ज्या चमत्कारांवर त्यांचा स्वतःचा विश्वास असणें शक्य नव्हतें, तेही त्यांनीं गाळले नाहींत. परधर्माच्या पोथीशीं इतक्या प्रामाणिकपणें वागणें सोपें नव्हे.

परंतु त्यांच्या नांवाशीं जोडलेला खरा शोध दुसऱ्याच पोथीचा आहे. दासोपंतांचा जन्म १५५१ चा. त्यांच्याहून दोन वर्षांनीं वडील असा एक इंग्रज जेझुइट पाद्री, टॉमस स्टीफन्स, त्याच काळीं गोमंतकांत ख्रिस्तचरित्र मराठी ओव्यांत गात होता. त्याचें ‘ख्रिस्तपुराण’ १६१६ मध्यें राचोल येथें छापलें गेलें, तें मात्र रोमन लिपींत. नागरी ठसे हवेत अशी स्टीफन्सची इच्छा होती. या लिपीला सहाशें साचे लागतात, पण ते दोनशेंवर आणतां येतील, असा हिशेबही त्यानें १६०८ च्या एका पत्रांत रोमला कळविला होता. इच्छा तशीच राहिली. पुढें १६४९ व १६५४ मध्यें ग्रंथ पुन्हां छापला गेला. तथापि या तिन्ही आवृत्त्यांची एकही प्रत आज उपलब्ध नाहीं. ग्रंथ वांचला तो हातानें नकलून घेतलेल्या प्रतींमुळें. त्यांवरूनच जोसेफ साल्ढाना यांनीं १९०७ मध्यें मंगळूरास तो प्रसिद्ध केला, पुन्हां रोमनमध्येंच.

१९२३ मध्यें ॲबट यांनीं लंडनच्या प्राच्यविद्या विद्यालयाच्या नियतकालिकांत एक छोटासा निबंध लिहिला. विल्यम मार्सडेनच्या संग्रहांत ख्रिस्तपुराणाची देवनागरी प्रत आहे, हें त्यांनीं जगापुढें आणलें. रोमन पाठांत जेथें पोर्तुगीज वा लॅटिन शब्द आहेत, तेथें या प्रतींत संस्कृत वळणाचे शब्द आढळतात. ॲबट यांनीं निष्कर्ष काढला कीं, हाच स्टीफन्सचा मूळ पाठ.

निष्कर्षाचा मोह समजण्यासारखा आहे. ज्या कवीनें नागरी ठशांसाठीं खटपट केली, त्यानें मूळ पोथी नागरींतच लिहिली असावी, असें कोणासही वाटेल. परंतु विदेशी शब्द काढून त्यांजागीं देशी शब्द बसविणें हें मागाहून आलेल्या एखाद्या लेखकाचेंही काम असूं शकतें; पुढील अभ्यासकांनीं मूळपणाचा दावा संशयानेंच पाहिला आहे, आणि तें योग्यही आहे. लिपी जुळली एवढ्यावरून कर्त्याचा हात सिद्ध होत नाहीं. तरी ॲबट यांनीं ती प्रत उजेडांत आणली नसती, तर हा वाद घालण्यास दुसरा पाठच नव्हता.

१९५६ मध्यें शांताराम बंडेलू यांनीं पुण्याहून ख्रिस्तपुराण देवनागरींत काढलें, आणि सामान्य मराठी वाचकाला तें आपल्या लिपींत मिळालें. मार्सडेनची पोथी मात्र अजून लंडनलाच आहे.