फ्रीजमधला हिवाळा: घरी बियांपासून जायंट सेकोया



जायंट सेकोयाचं बी कुठे मिळेल, असं मला इंदूर, बडोदा, बेळगाव, हैदराबाद अशा सगळीकडून विचारतात. मी उलट विचारते, तुमच्याकडे थंडी किती पडते? बी ऑनलाइन मिळतं, पाकिटावर आभाळाला टेकलेल्या झाडाचा फोटोही असतो. हिवाळा मात्र पाकिटातून येत नाही. मी शिमल्याच्या बाजूला राहते, आमच्याकडे बर्फ पडतो, म्हणून मी या भानगडीत पडले. सपाटीवरच्यांनी रोप उगवण्याची मजा जरूर घ्यावी. त्याचं झाड होईल अशी आशा धरू नये.

हे झाड मूळचं एकाच ठिकाणचं. कॅलिफोर्नियातल्या सिएरा नेवाडा पर्वताच्या पश्चिम उतारावर, बहुतेक १,४०० ते २,१५० मीटर उंचीवर, त्याच्या राया आहेत, पाऊणशेच्या आसपास. त्यातला जनरल शर्मन नावाचा वृक्ष सुमारे ८४ मीटर उंच, आणि खोडाच्या घनफळात जगातला सर्वांत मोठा. बी मात्र तिळापेक्षा जरासंच मोठं, दोन्ही बाजूंना कागदासारखे पंख. किलोभर घेतलं तर दोन लाखांच्या आसपास भरेल.

या बियांचे शंकू वीस वीस वर्षं झाडावर हिरवे आणि मिटलेले राहू शकतात. खाली आग लागली की गरम हवा वर चढते, शंकू वाळून उघडतात आणि राखेच्या मोकळ्या जमिनीवर बी पडतं. पालापाचोळ्याच्या गादीवर पडलं तर मूळ मातीपर्यंत पोचायच्या आतच वाळून जातं. थोरल्या झाडाला साध्या आगीचं काही वाटत नाही, त्याची साल दोन फुटांपर्यंत जाड असते. विसाव्या शतकात तिथल्या अधिकाऱ्यांनी वर्षानुवर्षं प्रत्येक आग विझवली, अगदी सद्‌हेतूने, आणि राईत नवी रोपं दिसेनाशी झाली! रिचर्ड हार्ट्सवेल्ट यांच्या अभ्यासातून हे कारण पुढे आलं आणि १९६०च्या दशकात तिथे मुद्दाम, ताब्यात ठेवून आग लावायला सुरुवात झाली.

आपण घरी काय करतो, तर त्या आगीची आणि बर्फाची कामं हाताने करतो. बी एक दिवस पाण्यात भिजवायचं. मग ओलसर टिश्यू कागदात गुंडाळून, पिशवीत घालून महिना-दीड महिना फ्रीजच्या खालच्या कप्प्यात ठेवायचं. फ्रीझरमध्ये नाही. घरच्यांना आधी सांगून ठेवा, नाहीतर कोथिंबिरीबरोबर निवडलं जाईल. नंतर पेरणी. शेणखत अजिबात नको. धुतलेली जाड वाळू आणि थोडं कोकोपीट पुरे, म्हणजे जळलेल्या जमिनीसारखी स्वच्छ, निकस माती. वर वाळूचा नुसता भुरका. माझ्याकडे शंभरात पंचवीस-तीस उगवतात, तेही तीन आठवड्यांत, सावकाश. बहुतेकांना चार बीजपत्रं असतात, छोट्या फिरकीसारखी.

खरी लढाई पुढे आहे. सिएरा नेवाडात उन्हाळा कोरडा असतो, ओल मिळते ती हिवाळ्यातल्या बर्फाची. आपल्याकडे नेमकं उलट. ऐन वाढीच्या दिवसांत पावसाळा येतो आणि त्याच्याबरोबर मर. रोप संध्याकाळी ताठ असतं, सकाळी मातीलगत काळं पडून आडवं. म्हणून जून ते सप्टेंबर माझी रोपं पत्र्याच्या पडवीत असतात, हवा खेळती, उजेड भरपूर. पाणी वरून झारीने न घालता खालच्या ताटलीतून, आणि वरची माती सुकू लागल्यावरच. एवढं करूनही निम्मी जातात. वाचलेल्यांना उंच कुंडी द्या, सोटमूळ भराभर खाली जातं.

मग इतका खटाटोप कशाला? २०२० आणि २०२१च्या वणव्यांत त्या रायांमधले १३ ते १९ टक्के मोठे सेकोया मेले, असा अंदाज आहे. साठत गेलेला पालापाचोळा आणि जोडीला दुष्काळ, त्यामुळे आग इतकी भडकली की जाड सालही पुरली नाही. माझ्या पडवीतल्या रोपांनी ती भर निघणार नाही. तिकडच्या रोपांचं काम तिकडचेच लोक करताहेत. पण ती बातमी मी वाचली ती हातात दोन इंचांचं रोप असताना, आणि ते वाचन वेगळंच असतं.

एक कळकळीची विनंती. हे रोप देवदाराच्या जंगलात नेऊन लावू नका. तिथे देवदारच हवा. स्वतःच्या जमिनीत, घरापासून आणि विजेच्या तारांपासून चांगलं पंधरा मीटर लांब लावा. माझी दोन रोपं आता सहा वर्षांची, माझ्या खांद्याला लागलीत. शेजारच्या भाभींची सफरचंदाची बाग आहे. त्यांनी विचारलं, याला काय लागतं? म्हटलं, शंकू, तेही आणखी चार-पाच वर्षांनी, लागले तर. त्या म्हणाल्या, एवढ्यात तर सफरचंदाच्या पेट्या भरतात. आणि वाकून बुंध्याशी आलेलं गवत उपटू लागल्या.