पिकअप सिलेक्टर स्विच: आवड कानाची की हाताची?

(या भागाचं हे शब्दांकन. बोलण्याचा बाज तसाच ठेवलाय. जिथे गिटार वाजवून दाखवली, ती जागा कंसात दिली आहे.)

हेडफोन जवळ असतील तर घालून घ्या, कारण आज आवाजातले बारीक फरक ऐकायचे आहेत. विषय अगदी छोटा आहे. इलेक्ट्रिक गिटारवर एक दांडी असते, दोन-तीन सेंटिमीटरची. कुठे ती फटीत सरकते, कुठे वर-खाली खटकन पडते. तिला म्हणतात पिकअप सिलेक्टर स्विच. या दांडीवरून गिटारवाले तासन्‌तास भांडू शकतात. आमच्या बँडमध्ये तर तीन आठवडे भांडण चाललं होतं, आणि त्या भांडणात माझे चार-पाच हजार रुपये वाया जाता जाता वाचले. तोच किस्सा सांगतो.

दोन वर्षांपूर्वी एका कॉलेजच्या गॅदरिंगला आमचा कार्यक्रम होता. माझ्याकडे स्ट्रॅटोकास्टरच्या धर्तीची स्वस्तातली गिटार. गाणं असं बसवलं होतं की ध्रुवपद जोरात, सगळे तुटून पडणार, आणि मग अंतऱ्याला एकदम शांत. फक्त गाणारा आणि माझी गिटार, नेक पिकअपवर, गोलसर, मऊ आवाजात. ध्रुवपद झकास झालं. अंतरा आला, मी पहिला स्वर छेडला आणि... (वाजवून दाखवतो: ब्रिज पिकअप, चिरका आवाज) ...हे असं निघालं. पत्र्यावर खडा पडावा तसं. गाणाऱ्या मित्राने वळून माझ्याकडे जे पाहिलं ना, ते मी अजून विसरलेलो नाही.

मी ठरवून टाकलं की स्विच भिकार आहे, पिकअपही भिकारच असणार, सगळं बदलायचं. ऑनलाइन कार्ट भरूनसुद्धा ठेवली होती. तेवढ्यात एकाने मोबाइलवर काढलेला कार्यक्रमाचा व्हिडिओ पाठवला. त्यात स्पष्ट दिसत होतं: जोरात स्ट्रम करताना माझी करंगळी त्या दांडीला लागते आणि दांडी सरकते. स्विच बिचारा त्याचं काम बरोबर करत होता. गिटारला मी सांगितलं ‘ब्रिज’, तिने दिला ब्रिज. फक्त मी सांगितलं हे मलाच माहीत नव्हतं!

तर आजचा मुद्दा एका वाक्यात सांगतो, मग फोड करू. स्विचची आवड आपल्याला कानाची वाटते, पण ती बरीचशी हाताची असते.

आधी स्विच करतो काय ते बघू. पिकअप म्हणजे चुंबक आणि त्याभोवती तांब्याच्या बारीक तारेचं वेटोळं. वरची स्टीलची तार हलली की वेटोळ्यात वीज तयार होते, ती अँपकडे जाते. आता तार सगळीकडे सारखी हलत नाही. ब्रिजजवळ ती बांधलेली असते, तिथे तिची हालचाल लहान. त्यामुळे ब्रिजच्या पिकअपला मूळ स्वर कमी आणि वरचे स्वरांश त्या मानाने जास्त मिळतात. आवाज धारदार येतो. नेकच्या बाजूला तार मोकळी डोलते, मूळ स्वर भरपूर, आवाज भरीव. (वाजवून दाखवतो: आधी ब्रिज, मग नेक.) तार तीच, बोटं तीच, फक्त ऐकण्याची जागा बदलली. स्विच एवढंच ठरवतो की कुठल्या जागेवरून ऐकायचं.

आणि हे नीट लक्षात घ्या. स्विच म्हणजे आत फक्त धातूच्या पट्ट्या आहेत, या पट्टीला ती पट्टी टेकते. दोन पिकअपच्या गिटारवर सरकणारा ब्लेड स्विच लावा किंवा खटका पडणारा टॉगल लावा, जोडणी सारखी असेल तर आवाज सारखाच. म्हणजे ‘मला टॉगलचा टोन आवडतो’ असं कोणी म्हणालं, तर तो खरं तर त्या गिटारबद्दल बोलतोय. मग आपण भांडतो कशावरून? दांडी कुठे आहे, हाताला कशी लागते, किती पर्याय देते, यावरून.

आता थोडा इतिहास. 1950 च्या दशकाची सुरुवात, अमेरिका. गिब्सनने 1952 मध्ये लेस पॉल आणली. तिचा टॉगल वरच्या खांद्यावर, खाली गोल चकती, त्यावर लिहिलेलं ‘रिदम’ आणि ‘ट्रेबल’. खटका वर म्हणजे नेक, खाली म्हणजे ब्रिज, मध्ये म्हणजे दोन्ही. गंमत बघा, चकतीवर आवाजाचं नाही, कामाचं नाव आहे. साथ करायची असेल तर वर, पुढे येऊन वाजवायचं असेल तर खाली.

तिकडे कॅलिफोर्नियात लिओ फेंडरची टेलिकास्टर. तिला सरकणारी दांडी, तीन जागा. पण 1952 पासून बरीच वर्षं त्या तीन जागा आजच्यासारख्या नव्हत्या. मागे ब्रिज, मध्ये नेक, आणि पुढच्या जागी पुन्हा नेकच, पण कॅपॅसिटर लावून इतका गडद केलेला की जणू बेस वाजतोय. दोन्ही पिकअप एकत्र अशी जागा स्विचवर नव्हतीच! ती नेहमीची झाली 1967 च्या सुमारास. आज टेलिकास्टरवाल्याला विचारा, मधल्या जागेशिवाय त्याचं चालायचं नाही.

आणि मग 1954 ची स्ट्रॅटोकास्टर. पिकअप तीन, स्विचच्या जागा तीन. ब्रिज, मधला, नेक. एका वेळी एकच. बनवणाऱ्याच्या मते हिशेब पूर्ण. पण वाजवणाऱ्यांना एक गोष्ट सापडली. दांडी दोन जागांच्या अधेमधे अडकवली की आतली पट्टी दोन्हीकडे टेकते आणि दोन पिकअप एकदम चालू होतात. (वाजवून दाखवतो: ब्रिज आणि मधला एकत्र.) ऐकलंत? थोडा पोकळ, थोडा काचेसारखा आवाज. इंग्रजीत त्याला ‘क्वॅक’ म्हणतात, बदकाच्या आवाजावरून.

लोक म्हणतात हा आवाज ‘आउट ऑफ फेज’ आहे. नाही. दोन्ही पिकअप एकाच फेजमध्ये, समांतर जोडलेले असतात. पण ते तारेच्या दोन वेगवेगळ्या जागा ऐकतात. काही स्वरांशांच्या बाबतीत त्या दोन जागा एकमेकींच्या उलट हलतात, तेवढे स्वरांश खोडले जातात. तो पोकळपणा तिथून येतो. खरोखर फेज उलटवला तर आवाज अजून बारीक आणि नाकातला होतो.

अडचण अशी की दांडी तिथे थांबायची नाही. जरा धक्का लागला की इकडे किंवा तिकडे. तरी लोक ती तोलून धरायचे, त्या आवाजासाठी. 1978 च्या डायर स्ट्रेट्सच्या पहिल्या अल्बममधलं ‘सुल्तान्स ऑफ स्विंग’ ऐका. मार्क नॉफ्लरची स्ट्रॅट याच अधल्यामधल्या आवाजात बोलते. फेंडरने पाच जागांचा स्विच द्यायला सुरुवात केली 1977 मध्ये. म्हणजे 1954 पासून 23 वर्षं! तेवढी वर्षं वाजवणाऱ्यांचे हात सांगत होते की आम्हाला इथे थांबायचंय.

आपल्या कामाची एक गोष्ट इथेच सांगतो. आजच्या पुष्कळ स्ट्रॅट धर्तीच्या गिटारमध्ये मधला पिकअप उलट गुंडाळलेला आणि उलट चुंबकाचा असतो. मग दोन आणि चार नंबरच्या जागेवर विजेचा तो ‘घूंऽऽ’ असा आवाज जवळजवळ बंद होतो. घरी चार्जर, लॅपटॉप, दिवे सगळं चालू असताना मोबाइलवर रेकॉर्ड करत असाल तर या दोन जागा वापरून बघा. महागड्या पेडलआधी हा फुकटातला उपाय.

बरं, जास्त जागा म्हणजे जास्त चांगलं का? दोन टोकं बघू. एकीकडे क्वीनचा ब्रायन मे. त्याने 1963 मध्ये वडिलांबरोबर घरीच ‘रेड स्पेशल’ बनवायला घेतली. तिच्यात तीन पिकअप, आणि प्रत्येकाला दोन स्विच: एक चालू-बंद, एक फेज उलटवायला. एकूण सहा! दुसरीकडे एडी व्हॅन हेलन. 1978 च्या पहिल्या अल्बमच्या काळातली त्याची घरी जुळवलेली गिटार म्हणजे ब्रिजला एकच चालू पिकअप आणि एक व्हॉल्यूम. सिलेक्टरचं कामच नाही. एसी/डीसीच्या माल्कम यंगने तर आपल्या ग्रेचमधले बाकीचे पिकअप काढून टाकले, फक्त ब्रिजचा ठेवला. दोघांनाही एकच आवाज हवा होता, बाकीचं काम उजव्या हाताने व्हायचं. यात कोण बरोबर? सगळेच. प्रत्येकाने गिटार आपल्या हाताप्रमाणे करून घेतली.

जिमी हेंड्रिक्स तर डावखुरा. उजव्या हाताची स्ट्रॅट तो उलटी करून वाजवायचा. मग स्विच आणि खुंट्या खाली राहत नाहीत, वरच्या बाजूला, मनगटाजवळ येतात. कुठल्याही कारखान्याने तशी गिटार कल्पिली नव्हती. पण हाताला सवय झाली आणि तीच त्याची जागा झाली.

आता आमचं भांडण. आमच्या दुसऱ्या गिटारवाल्याकडे लेस पॉलसारखी गिटार आहे. त्याचं म्हणणं, ‘बघ, माझा टॉगल वर आहे, कितीही जोरात वाजव, हात लागतच नाही. तू उगाच त्या दांडीच्या नादी लागलायस.’ बरोबर आहे की. पण मी म्हटलं, ‘मग वाजवता वाजवता बदलून दाखव.’ त्याने प्रयत्न केला. उजवा हात तारांवरून उचलून वर न्यावा लागतो, खटका मारायचा, परत यायचं. दोन मात्रा गेल्या. माझ्या दांडीला करंगळीने ढकललं की झालं, तारांवरून हात हलत नाही. म्हणजे जी गोष्ट मला नडली, तीच माझी सोय! दांडी हाताजवळ आहे म्हणून पटकन बदलते, आणि हाताजवळ आहे म्हणूनच चुकून बदलते. दोन्ही एकदम कसं मिळणार?

टॉगलची एक मजा मात्र मी मान्य केली. लेस पॉलला दोन्ही पिकअपचे व्हॉल्यूम वेगळे. एक शून्यावर ठेवा आणि खटका तालात वर-खाली करा. आवाज तुटक तुटक येतो, ‘टक-टक-टक’. रेज अगेन्स्ट द मशीनच्या टॉम मोरेलोची ही खास करामत. नेहमीच्या स्ट्रॅटला सगळ्यांचा मिळून एकच व्हॉल्यूम, त्यामुळे तिच्यावर हे जमत नाही.

शेवटी मी काय केलं? कार्ट रिकामी केली. दांडीवरची प्लॅस्टिकची टोपी काढून ठेवली, त्यामुळे ती थोडी बुटकी झाली. आणि दोन आठवडे स्ट्रम करताना करंगळी आत घ्यायचा सराव केला. कंटाळवाणा होता, खोटं कशाला बोलू. पण पुढच्या कार्यक्रमात अंतरा आला आणि... (वाजवून दाखवतो: नेक पिकअप) ...हा आवाज निघाला. मित्राने यावेळी वळूनही पाहिलं नाही. तीच माझी दाद!

जाता जाता तुमच्यासाठी तीन कामं. गिटार विकायच्या किंवा पिकअप बदलायच्या आधी करा.

एक. उभं राहून, पट्टा लावून, गाण्यातला सगळ्यात जोरकस भाग वाजवा आणि मोबाइल उजव्या हातासमोर ठेवून व्हिडिओ काढा. बसून वाजवताना हात वेगळीकडे असतो, म्हणून उभं राहूनच.

दोन. न बघता, ताल न सोडता स्विच बदलून बघा. पाच जागांमधली मधलीच जागा अचूक लागते का? लागत नसेल तर तुमच्या हाताला सध्या तीनच जागा आहेत, आणि त्यात कमीपणा काही नाही.

तीन. स्विच खरखरत असेल किंवा आवाज मधेच जात असेल, तर आधी इलेक्ट्रॉनिक्सच्या दुकानातून काँटॅक्ट क्लीनर आणा, थोडासा मारा आणि दांडी वीस-तीस वेळा हलवा. बऱ्याचदा आतल्या पट्ट्यांवर नुसती धूळ असते. तरी नाही गेलं, तरच नवा स्विच. आणि तो घेण्याआधी जुन्याचा फोटो काढून ठेवा, वायर कुठे कुठली आहे ते दिसलं पाहिजे. गिटारच्या आतली खोलीही मोजा, काही स्विच उंचीला जास्त असतात आणि आत मावत नाहीत.

तुमची गिटार कुठली, स्विच कुठला, आणि तो तुम्हाला कुठल्या गाण्यात नडला, हे मला व्हॉइस नोटवर सांगा. पुढच्या भागात व्हॉल्यूमच्या खुंटीबद्दल बोलू. दहावर ठेवून जी आपण आयुष्यात कधी फिरवत नाही, तीच ती. तोपर्यंत वाजवत राहा, आणि करंगळी सांभाळा!