रिकामे पिंप



वसंत व्याख्यानमालेत साहित्य, इतिहास, अध्यात्म या विषयांचा मान मोठा. त्या पंक्तीत वेल्डिंगचा विषय घेऊन बसणे थोडे अवघडच; पण चिकलठाण्याला, वाळूजला, शेंद्र्याला कामावर जाणारी माणसे हर्सुलात घरोघर आहेत आणि जळगाव रस्त्यावर फाटके नि खिडक्यांच्या जाळ्या जोडणारी दुकानेही आहेत. आमचे शाळेतले शिक्षण बेताचे. जे सांगणार आहोत ते कामगारांच्या संगतीत आणि कायद्याची पुस्तके आपली आपण चाळून मिळविलेले आहे.

आधी पिंपाविषयी. डिझेलचे वा थिनरचे रिकामे पिंप कापून त्याची टाकी करावयाची, ही आपल्याकडची सर्रास रीत. भरल्या पिंपाला लोक भितात, रिकाम्याला भीत नाहीत. वास्तविक भ्यावयाचे ते रिकाम्याला. भरलेल्या पिंपात हवेला फारशी जागा नसते. रिकाम्यात तळाशी उरलेल्या चार थेंबांची वाफ हवेत मिसळून राहते आणि तिला एक ठिणगी पुरते. पिंप फुटले म्हणजे त्याचा तळ उडतो, आणि वेल्डर तर त्यावरच ओणवा झालेला असतो. पाण्याने एकदा विसळले की काम झाले, असे पुष्कळजण मानतात. तेही खरे नव्हे. तेल पत्र्याच्या दुमडीत बसलेले असते, आच लागली की त्याची पुन्हा वाफ होते. १९४८ च्या कारखाने कायद्याच्या ३७ व्या कलमातच लिहिले होते की, ज्वालाग्राही पदार्थ आणि त्याची वाफ काढल्याखेरीज किंवा निर्धोक केल्याखेरीज अशा टाकीवर वेल्डिंग वा कटिंग करू नये. २०२० साली संसदेने हा कायदा नव्या संहितेत गुंफला. पिंपे मात्र त्याच्या आधीही कापली जात होती, नंतरही कापली जातात.

ठिणगीचे दुसरे अंग दूरवर जाण्याचे. २१ जानेवारी २०२१ रोजी पुण्याजवळ मांजरी येथे सीरम इन्स्टिट्यूटच्या बांधकाम चालू असलेल्या इमारतीला आग लागून पाच मजूर मृत्यू पावले. वेल्डिंगची ठिणगी तेथल्या ज्वालाग्राही सामानावर पडली असावी, असा प्राथमिक अंदाज त्या वेळी आरोग्यमंत्र्यांनी सांगितला होता. उडालेली ठिणगी ३५ फुटांपर्यंत जाते असे धरून तेवढी जागा मोकळी करावी, आणि काम थांबल्यावरही निदान अर्धा तास एक माणूस पाण्यासह तेथे बसवावा, असा जाणत्यांचा दंडक आहे. हा बसलेला माणूस ठेकेदाराच्या डोळ्यांत सलतो. काही न करता हजेरी घेतो म्हणतात! आमच्या मते त्या दिवशी सर्वांत मोठे काम तोच करीत असतो.

डोळ्यांची गोष्ट आपल्या घरातली आहे. कंसाचा उजेड दिवसा लागतो आणि ठणका मध्यरात्री सुरू होतो. डोळ्यांत वाळू भरल्यासारखे होते. मग बटाट्याच्या चकत्या ठेवतात, कोणी कांद्याचा रस घालतात. चकतीने गारवा वाटेल. रस मात्र घालू नये, डॉक्टर गाठावा. वेल्डरच्या हाती काळी काच असते, पण पत्रा धरून उभ्या असलेल्या हेल्परला कोण देतो? तो मान वळवितो, डोळे मिटतो, आणि कंस मात्र त्याच्यापासून दोन हातांवर.

धुराविषयी थोडक्यात सांगतो. जस्ताचा मुलामा असलेला पाइप जोडला की संध्याकाळी हुडहुडी भरते, सकाळी उतरते. माणूस हिवताप समजतो. गुळाचा खडा खाल्ला म्हणजे धूर पोटात जाऊन निघतो, ही समजूत निराधार आहे. धूर फुप्फुसात जातो, गूळ पोटात. २०१७ साली जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेने वेल्डिंगच्या धुराला कर्करोगकारक ठरविले. वारा पाठीशी घ्यावा, कोंडलेल्या जागी धूर ओढणारा पंखा लावावा.

आणि घाम. आपल्या वैशाखात हातमोजे ओलेचिंब होतात. यंत्रातून येणारा दाब ८० व्होल्टच्या आसपास, म्हणून लोक त्याला हसतात. ओल्या अंगाला, लोखंडी टाकीत बसलेल्याला तेवढाही पुरेसा होतो. होल्डरची मूठ फुटलेली असेल तर काम घेऊ नये.

काम घेऊ नये, हे बोलणे सोपे. एका कारखान्यात वेल्डिंगच्या परवान्यांची थप्पी सकाळीच कचेरीत सह्या होऊन पडलेली आम्ही पाहिली; टाकी कोणी पाहिलेलीच नव्हती. आमच्या माणसांनी सांगितले, सही टाकीपाशी उभे राहून करा, नाहीतर रॉड लागणार नाही. दोन दिवस काम अडले, रोजंदारीवरच्यांची मजुरी बुडाली, आणि त्यांतले काही आमच्यावरच चिडले. त्यांचे चिडणे रास्त होते. चूल त्यांची थंड होती. तिसऱ्या दिवशी साहेब टाकीपाशी आले. झाकण काढल्यावर वास आला, आणि त्यांनी न बोलता परवाना फाडला. बुडालेली मजुरी मिळवावयास मात्र पुढे चार महिने लागले.