काटकसर कुठे करायची आणि कुठे नाही: माझ्या भाड्याच्या फ्लॅटची गोष्ट

मागच्या भागानंतर बऱ्याच जणांनी एकच प्रश्न विचारला: "नोकरी लागून चार-पाच वर्षं झाली, थोडे पैसे साठलेत. फ्लॅट घेऊन भाड्यानं देऊ का?" मी काही फायनान्सवाला नाही. बीटेक केलं, कोड लिहितो. पण हा प्रयोग मी स्वतःवर केलाय, आणि त्यात चांगला आपटलोय. म्हणून आज आकड्यांसकट सांगतो.

आमचं घर बार्शीचं. पप्पांचं छोटं किराणा दुकान. काटकसर आमच्याकडे शिकवावी लागत नाही, ती अंगातच असते. २०१८ मध्ये पुण्यात नोकरी लागली, चौघांत एक फ्लॅट शेअर केला. लॉकडाऊनमध्ये घरून काम, म्हणजे भाडंही वाचलं. २०२२ च्या सुरुवातीपर्यंत माझ्याकडे १२ लाख जमले. आईनं तिची दीड लाखाची एफडी मोडून दिली. झाले साडेतेरा.

फेब्रुवारी २०२२ मध्ये रावेतला जुना वन बीएचके घेतला, ४० लाखांना. बँक ३२ लाख द्यायला तयार होती. मी म्हटलं, कशाला उगाच व्याज भरायचं? ३० लाखच घेतले. १० लाख खिशातून, स्टँप ड्युटी आणि रजिस्ट्रेशनचे २ लाख ७० हजार, एजंटचे ४० हजार. हातात उरले ४० हजार. आणि मी खूश! केवढा शहाणा मुलगा, कर्ज कमी घेतलं.

आता नीट ऐका. ते दोन लाख जास्त घेतले असते, तर ईएमआय महिन्याला साधारण १,५०० रुपयांनी वाढला असता. म्हणजे महिन्याचे १,५०० वाचवायला मी दोन लाखांची उशी फेकून दिली. मला ती काटकसर वाटली. खरं तर अख्ख्या व्यवहारातली सगळ्यात मोठी रिस्क तीच होती.

ईएमआय २३ हजार. भाडं १३ हजार, त्यातून २ हजार सोसायटीचा मेंटेनन्स. हातात ११ हजार, म्हणजे वर्षाला १ लाख ३२ हजार. ४० लाखांवर हे ३.३ टक्के होतात. कर्जाचा दर होता ६.९. म्हणजे "भाड्यातून हप्ता निघतो" हे वाक्य विसरा. दर महिन्याला १२ हजार माझ्या पगारातून जात होते. हे मला माहीत होतं, झेपतही होतं.

मग मे २०२२ पासून रिझर्व्ह बँकेनं रेपो रेट वाढवायला सुरुवात केली. ४ टक्क्यांवरून फेब्रुवारी २०२३ पर्यंत साडेसहा. माझं कर्ज रेपोलाच जोडलेलं. दर झाला ९.४. नुसतं व्याजच जवळपास २३ हजार व्हायला लागलं, म्हणजे जुन्या हप्त्यात मुद्दल फिटणारच नाही. ईएमआय २७,६०० वर गेला.

आणि तेवढ्यात बाथरूम. घेतानाच प्लंबर म्हणाला होता, "साहेब, टाइल्सच्या सांध्यांतून पाणी मुरतंय. वॉटरप्रूफिंग करून घ्या, १८ हजारांत होईल." मी ६०० रुपयांत व्हाइट सिमेंट भरून घेतलं. जून २०२३ मध्ये खालच्यांच्या छतातून पाणी टपकायला लागलं. बाथरूम फोडावं लागलं, ४६ हजार. खालच्यांचा रंग, ९ हजार. भाडेकरू सोडून गेला, दोन महिने फ्लॅट रिकामा, २६ हजार बुडाले. एकूण ८१ हजार. रूममेटकडून उसने घेतले, उरलेलं क्रेडिट कार्डावर.

पण मला लागलं ते वेगळंच. त्याच सुमारास पप्पांच्या डोळ्याचं ऑपरेशन झालं. आईनं त्या एफडीचं नावही काढलं नाही. मामाकडून पैसे घेतले. मला हे तीन महिन्यांनी कळलं, तेही मामाच्या तोंडून. आईला विचारलं तर म्हणाली, "तुझी ओढाताण दिसत होती रे." आणि मग हळूच, "छत्रीचे पैसे वाचवलेस आणि औषधाला घातलेस."

त्या दिवसापासून मी काटकसरीचे दोन भाग केले.

स्वतःवर काटकसर: बिनधास्त करा. जुना फोन, डबा, शेअरिंगची रूम. यातूनच रिस्क घ्यायची ताकद येते.

फ्लॅटवर आणि उशीवर काटकसर: अजिबात नाही. सहा महिन्यांचा ईएमआय आणि मेंटेनन्स बाजूला, त्याला हात लावायचा नाही. माझ्या बाबतीत ते पावणेदोन लाखांच्या वर जातं. भाडं बारा नाही, दहाच महिन्यांचं धरायचं. दर अडीच टक्क्यांनी वाढला तर हप्ता किती होईल, हे सही करायच्या आधी काढायचं. पाण्याचं काम आधी, रंग नंतर.

आणि लिव्ह अँड लायसन्स करार रजिस्टर करायचाच. हजार-दोन हजार वाचवायला लोक नुसत्या कागदावर सह्या करतात. महाराष्ट्राच्या १९९९ च्या भाडे नियंत्रण कायद्यात नोंदणीची जबाबदारी मालकाची आहे. लेखी, नोंदलेला करार नसेल आणि वाद झाला, तर अटींबद्दल भाडेकरू जे सांगेल तेच धरलं जातं, तुम्ही उलट सिद्ध करेपर्यंत.

आज काय स्थिती? भाडं १६ हजार झालंय, २०२५ मध्ये रेपोही खाली आला. अजूनही पगारातून थोडे जातातच. फ्लॅट विकलेला नाही, दुसराही घेतलेला नाही. उशी पूर्ण भरली, पण त्याआधी आईची एफडी पुन्हा करून दिली.

तुम्ही घेणार असाल तर जरूर घ्या. फक्त सगळं दिल्यावर हातात किती उरतात, तो आकडा आधी लिहा. माझा ४० हजार होता. तुमचा किती, ते मला कळवा. भेटू पुढच्या भागात!