शुद्धिपत्र आणि मोटारीचा ब्रेक

(हातखंबा येथे भरलेल्या आपल्या मंडळाच्या वार्षिक संमेलनात दिलेल्या व्याख्यानाचा मजकूर)



आपल्या संमेलनात दरवर्षी शिक्षण, विवाहातील खर्च, विद्यार्थी-साहाय्य निधी अशा विषयांवर भाषणे होतात व ती व्हावयासच हवीत. यंदा कार्यकारी मंडळाने आम्हांस दोन शब्द बोलावयास सांगितले तेव्हा आम्ही विषय कळविला, ‘मोटारीच्या ब्रेकातील दोष व त्याची दुरुस्ती’. चिटणीसांनी आमच्याकडून तो दोनदा वदवून घेतला. त्यांचा संशय रास्त होता. आम्ही जुन्या अकरावीचे मॅट्रिक. उभा जन्म प्राथमिक शाळेत पाढे व शुद्धलेखन शिकविण्यात गेला. यंत्रशास्त्राशी आमचा संबंध सायकलच्या पंक्चरापुरता. तथापि ह्या एका धड्याची फी आम्ही भरलेली आहे. ती कशी, हे पुढे ओघाने येईलच.

प्रथम स्थळाचा विचार करू. आपण जेथे जमलो आहोत त्या हातखंब्याच्या तिठ्यावर मुंबई-गोवा महामार्गास रत्नागिरीचा रस्ता मिळतो. कोल्हापुराकडून आंबा घाट उतरून पालीमार्गे येणारी वाहनेही येथूनच रत्नागिरीस वळतात. उतार, वळणे, अवजड वाहने आणि चार महिन्यांचा पाऊस ह्या चारही गोष्टी येथे एकत्र आहेत. २०२५ च्या जुलै महिन्यात ह्याच परिसरात गॅसचा टँकर उलटून महामार्ग बंद पडला, हे आपणांपैकी अनेकांच्या स्मरणात असेल. गणपतीस व शिमग्यास मुंबई, ठाणे, पुणे येथील आपली कुटुंबे आता एस्. टी.पेक्षा स्वतःच्या मोटारीनेच गावी येऊ लागली आहेत. ही समृद्धीची खूण आहे आणि तिचा आम्हांस आनंदच आहे. परंतु मोटार दाराशी आली म्हणजे तिचे ब्रेकही आपल्या जबाबदारीत आले, हे मात्र आपल्या ध्यानी राहत नाही.

आता हा ए. बी. एस. म्हणजे चाक जखडू न देणारा ब्रेक काय आहे, ते पाहू. पावसाळ्यात शेवाळलेल्या पाखाडीवरून उतरण्याचा अनुभव आपणां सर्वांस आहे. पाऊल जपून टेकत गेल्यास तोल राहतो, वाटेल तिकडे वळता येते. एकदा का पाय सरकला की मग मनात कितीही आले तरी वळता येत नाही. घसरण नेईल तिकडे जावे लागते. मोटारीच्या चाकाचेही तसेच आहे. फिरते चाक रस्ता धरून असते. घाबरून ब्रेक कचकन दाबला की चाक जखडते, फिरावयाचे थांबते, आणि ओल्या डांबरावरून पाटासारखे घसरत जाते. त्या वेळी सुकाणू कितीही फिरविले तरी गाडी वळत नाही.

ह्यावर उपाय असा काढला गेला की, प्रत्येक चाकापाशी त्याची गती मोजणारा एक संवेदक बसवावयाचा. एखादे चाक जखडू लागले की तो संवेदक ही वार्ता एका विद्युत्-मेंदूस कळवितो. तो मेंदू ब्रेकच्या तेलाचा दाब क्षणभर सोडतो व लगेच पुन्हा देतो. हे सोडणे-धरणे एका सेकंदात अनेक वेळा चालते. चाक फिरते राहते, आणि चालकास ब्रेक दाबूनही गाडी वळविता येते. जर्मनीतील बॉश कंपनीने तयार केलेली ही इलेक्ट्रॉनिक योजना १९७८ साली मर्सिडीझ मोटारीत प्रथम आली. आपल्या देशात एप्रिल २०१९ पासून सर्व नव्या मोटारींस ती सक्तीची आहे. आमच्या वयाच्या चालकांसाठी येथेच एक सूचना करून ठेवतो. जुन्या गाडीवर ब्रेक थोडा थोडा, पुनःपुन्हा दाबावा असे आपणांस शिकविले होते. ए. बी. एस. असलेल्या गाडीवर संकटसमयी तो एकदाच, जोराने दाबून तसाच धरावा. पायाखाली थरथर जाणवली तरी पाय उचलू नये. ती थरथर म्हणजेच यंत्राचे काम चालू असल्याची खूण आहे.

आता आमच्या फीची हकीकत. सेवानिवृत्तीनंतर हाती आलेल्या पैशांतून आम्ही एक लहान मोटार घेतली होती. डोळ्यांस मोतीबिंदू झाल्यावर ती डोंबिवलीस राहणाऱ्या पुतण्यास विकली. घरचाच व्यवहार, म्हणून नाव बदलण्याचे कागद ‘सवडीने करू’ असे आम्ही दोघांनीही म्हटले. सवड आली नाही. त्यानंतरच्या उन्हाळ्यात आमच्या हातखंब्याच्या पत्त्यावर गाडीच्या कंपनीचे एक पत्र आले. पत्र इंग्रजीत होते. ‘प्रिय ग्राहक’ एवढे वाचून, ही पुन्हा काहीतरी विकावयास निघालेली दिसतात असे मनाशी म्हणून आम्ही ते वीजबिलांच्या गठ्ठ्यात ठेवून दिले. विद्यार्थ्यांस आम्ही जन्मभर बजावले होते की, प्रश्न शेवटपर्यंत वाचल्याशिवाय उत्तर लिहू नका.

भाद्रपदात पुतण्या, सूनबाई, लहान नात आणि आमच्या थोरल्या वहिनी त्या गाडीने गणपतीस निघाली. पहाटेची वेळ, पाऊस धरलेला. येथल्याच उतारावर रस्त्यात अकस्मात गुरे आली. पुतण्याने ब्रेक दाबला, चाके जखडली, आणि गाडी घसरत जाऊन रस्त्याकडेच्या गडग्यावर आदळली. नात सुखरूप राहिली. वहिनींचे गळ्याजवळचे हाड मोडले; वयाच्या बहात्तराव्या वर्षी त्यांना दीड महिना हात गळ्यात बांधून काढावा लागला. त्या वर्षी आमच्या घरी गणपतीचे मोदक शेजाऱ्यांनी करून दिले.

विम्याचे कागद शोधताना ते पत्र हाती लागले. ह्या वेळी आम्ही ते शब्दकोश जवळ घेऊन वाचले. अमुक काळात तयार झालेल्या गाड्यांच्या ए. बी. एस. घटकात दोष आढळला आहे, तो घटक ऐन वेळी निकामी होण्याचा संभव आहे, तरी गाडी कार्यशाळेत आणावी, तपासणी व दुरुस्ती विनामूल्य होईल, असा त्यातील मजकूर होता. पुढे कार्यशाळेत तपासणी झाली तेव्हा आपल्या गाडीत तो दोष असल्याचे सिद्ध झाले. न्यायाने हेही सांगितले पाहिजे की, मागचे टायर झिजले होते, आणि पिवळा दिवा मधूनमधून लागत असताना पुतण्यानेही तो पावसाच्या दमटपणावर ढकलला होता. केवळ त्या दोषानेच गाडी घसरली असे कोणी शपथेवर सांगितले नाही, आम्हीही सांगत नाही. परंतु पत्र आमच्या घरी तीन महिने पडून होते, ही गोष्ट निर्विवाद आहे. वहिनी एवढेच म्हणाल्या, ‘‘भावोजी, पत्र आलं होतं तर सांगायचं होतंत.’’ त्यांनी पुन्हा तो विषय काढला नाही. म्हणून आज आम्ही काढला आहे.

अशा पत्रास इंग्रजीत ‘रिकॉल’ म्हणतात, म्हणजे विकलेली गाडी दुरुस्तीसाठी परत बोलावणे. हे ऐकून पुष्कळांस वाटते की, कंपनीची गाडीच खोटी, आपण फसलो. आम्हांस हा प्रकार पाठ्यपुस्तकाच्या शुद्धिपत्रासारखा वाटतो. पुस्तक छापून झाल्यावर चूक ध्यानी आली की चांगला प्रकाशक शुद्धिपत्र काढतो. ज्या मुलाच्या हाती ते पडते तो आपले पुस्तक दुरुस्त करतो. ज्याच्या हाती पडत नाही तो चुकीचेच पाठ करून परीक्षेस बसतो. चूक दोघांच्याही पुस्तकांत सारखीच छापलेली असते.

मोठमोठ्या कंपन्यांसही अशी शुद्धिपत्रे काढावी लागली आहेत. २०१० च्या फेब्रुवारीत जपानच्या टोयोटा कंपनीने प्रियस आदी सुमारे ४ लाख ३७ हजार मोटारी ए. बी. एस.च्या तक्रारीवरून परत बोलावल्या. खडबडीत वा निसरड्या रस्त्यावर ब्रेक क्षणभर कमी लागल्यासारखा वाटे. दुरुस्तीत एकही सुटा भाग बदलावा लागला नाही. विद्युत्-मेंदूस दिलेल्या आज्ञा तेवढ्या बदलल्या. २०२३ च्या सप्टेंबरात ह्युंदाई व किया ह्या कंपन्यांनी अमेरिकेतील सुमारे ३३ लाख ७० हजार गाड्या परत बोलावल्या. तेथे ए. बी. एस. घटकाच्या आत ब्रेकचे तेल पाझरून विजेचा संयोग होण्याची व आग लागण्याची भीती होती, आणि तीही गाडी बंद करून उभी असताना! दुरुस्ती होईपर्यंत गाडी घरापासून दूर उघड्यावर ठेवावी असे मालकांस सांगण्यात आले. उपाय म्हणून बदलावयाचा होता तो केवळ एक फ्यूज. आपले जे आप्त त्या देशात आहेत त्यांनी हे विशेष ध्यानी घ्यावे.

आपल्या देशातील उदाहरणे ए. बी. एस.ची नसली तरी ब्रेकचीच आहेत. मारुती सुझुकी कंपनीने २०१८ च्या मे महिन्यात ५२,६८६ स्विफ्ट व बलेनो गाड्या ब्रेकच्या निर्वात नळीसाठी, २०२२ च्या ऑक्टोबरात ९,९२५ वॅगन-आर, सेलेरियो व इग्निस गाड्या मागील ब्रेकच्या खिळीसाठी, आणि २०२३ च्या एप्रिलमध्ये ७,२१३ बलेनो आर्. एस्. गाड्या ब्रेकला साहाय्य करणाऱ्या निर्वात पंपासाठी बोलावल्या. आपल्यापैकी कित्येकांच्या अंगणात ह्याच नावांच्या गाड्या उभ्या आहेत.

कायद्याची बाजूही थोडक्यात सांगतो. २०१२ पासून मोटार उत्पादकांच्या संघटनेने हे काम स्वेच्छेने करण्याची पद्धत घातली. पुढे २०१९ च्या दुरुस्तीने मोटार वाहन कायद्यात ११०-अ हे कलम आले व १ एप्रिल २०२१ पासून त्याचे नियम लागू झाले. सात वर्षांहून कमी वयाच्या वाहनांत सुरक्षेस बाधक दोष आढळल्यास शासन ती परत बोलावण्याचा हुकूम देऊ शकते, आणि कसूर करणाऱ्या उत्पादकास एक कोटी रुपयांपर्यंत दंड होऊ शकतो. मालकास तक्रार नोंदविण्यासाठी शासनाच्या ‘वाहन’ संकेतस्थळावर सोय आहे. तथापि कायद्याचे हे सारे बळ अखेर एका पत्त्यावर येऊन थांबते. तो पत्ता जुना असेल तर पत्र जुन्याच दारी पडते.

दुरुस्ती कशी होते, हे आम्ही रत्नागिरीस बाकावर बसून पाहिले. प्रथम गाडीचा चासीस-क्रमांक सतरा अक्षरांनिशी ताडून पाहिला. मग संगणक जोडून दोषाची नोंद वाचली. जुना घटक काढून नवा बसविला, ब्रेकचे तेल बदलले, नळ्यांतील हवा चारही चाकांपाशी काढली, आणि शेवटी गाडी चालवून पाहिली. अर्धा दिवस गेला. ए. बी. एस.च्या कामाचा एक पैसा लागला नाही. जे काम अर्ध्या दिवसाचे व बिनखर्चाचे होते, त्यापायी वहिनींस दीड महिना सोसावे लागले.

आता कुटुंबप्रमुखांस आमच्या काही विनंत्या आहेत. गाडी विकली असेल, मग ती सख्ख्या भावास का असेना, तर नोंदणीचे नाव बदलून घ्या. एकाच राज्यातील व्यवहारात विकणाऱ्याने १४ दिवसांत व घेणाऱ्याने ३० दिवसांत कळवावे असा कायदा आहे. मुंबईची गाडी गावी आणून एम्. एच्. ०८ च्या मुलखात वर्षानुवर्षे पहिल्याच मालकाच्या नावाने चालविणारे आपल्यात थोडे नाहीत. जुनी गाडी घेताना चासीस-क्रमांक देऊन कंपनीकडे वा तिच्या संकेतस्थळावर चौकशी करा की, ह्या गाडीची काही दुरुस्ती राहिली आहे काय. विकलेल्या गाडीचे पत्र आपल्याकडे आले तर त्याच दिवशी नव्या मालकास दूरध्वनी करा. गाडी सुरू करताना ए. बी. एस.चा पिवळा दिवा लागून काही क्षणांत विझला पाहिजे. तो तसाच राहिला तर साधा ब्रेक बहुधा चालतो, पण चाक जखडण्यापासूनचे संरक्षण गेलेले असते. लाल दिवा राहिला तर गाडी पुढे नेऊच नका. आणि झिजलेले टायर, जुने तेल, उंदराने कुरतडलेली तार हे आपले दोष आहेत. त्यांसाठी कोणतीही कंपनी पत्र धाडणार नाही.

कार्यकारी मंडळासही एक विनंती आहे. आपल्याकडे इंग्रजी वाचणारी तरुण मंडळी पुष्कळ आहेत. गणेशोत्सवापूर्वी एक रविवार त्यांनी वडीलधाऱ्यांच्या गाड्यांचे क्रमांक घेऊन बसावे, आणि कोणाच्या घरी न वाचलेले पत्र असेल तर ते वाचून दाखवावे. ह्यास निधी लागत नाही. चहाचा खर्च आम्ही देऊ.

वहिनी आज ह्या सभेत पुढच्या रांगेत बसल्या आहेत. हे सारे सांगण्यापूर्वी आम्ही त्यांची अनुज्ञा घेतली होती. त्या म्हणाल्या, सांगा, पण लवकर आटपा, लोकांना दिवसाउजेडी घाट चढायचा आहे. त्यांची आज्ञा मोडण्याचे धैर्य आता आमच्यात उरलेले नाही.